कापसातलं रोप मान टाकतं, मग जीवनचक्र शिकवायचं कसं?

तिसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं पत्र आहे. वर्गात ३८ मुलं. 'वनस्पतीचं जीवनचक्र' हा पाठ घेताना त्यांनी प्रत्येक मुलाला कापसात मूग आणि राजमा रुजवायला सांगितला. निम्म्याहून जास्त मुलांचा राजमा कुजला, काहींच्या पेल्यात बुरशी आली. जी रोपं आली ती लांबुळकी, फिकट झाली आणि दोन आठवड्यांत आडवी पडली. दोघं-तिघं रडलीसुद्धा. तक्त्यावरचं गोल चित्र (बी, अंकुर, रोप, झाड, फूल, फळ आणि पुन्हा बी) मात्र सगळ्यांनी वहीत नीट काढलं, चाचणीत बाणही बरोबर दिले. तरी 'बी कुठून येतं?' असं तोंडी विचारल्यावर बहुतेकांचं उत्तर आलं, 'पुडीतून' नाहीतर 'दुकानातून'. पाठाला सहा आठवडे, आठवड्याला दोन तासिका मिळतात. वर्गाच्या एकाच खिडकीतून सकाळी दोनेक तास ऊन येतं. त्या विचारतात: पुढच्या वर्षी हा खटाटोप सोडून सरळ व्हिडिओ दाखवावा का? की पटकन येणारं दुसरं एखादं झाड आहे? आणि मेलेल्या रोपांचं मुलांना काय सांगायचं?

नमस्कार,

तुम्ही सगळा दोष कुजलेल्या राजम्याला दिला आहे. क्षणभर असं धरू की एकही बी कुजलं नाही, ३८ पेल्यांत ३८ रोपं तरारून उभी राहिली. तरी 'बी कुठून येतं?' याचं उत्तर 'पुडीतून' असंच आलं असतं, कारण मुलांनी पाहिलं ते तेवढंच. बी तुमच्या हातातून आलं, ओल्या कापसावर ठेवलं, मोड आला, पान फुटलं आणि प्रयोग संपला. फूल, परागीभवन, शेंग, शेंगेतला नवा दाणा हा पुढचा सगळा प्रवास तक्त्यावरच राहिला. मुलांनी पाहिलेलं खरं सांगितलं आणि वहीत चित्राची नक्कल केली. दोन्ही कामं त्यांनी चोख केली आहेत.

कापसातला प्रयोग अंकुरणाचा आहे आणि तेवढ्यापुरता तो उत्तम आहे. त्याच्याकडून जीवनचक्राची अपेक्षा धरली की पंचाईत होते. म्हणून माझं पहिलं सुचवणं असं की पाठ बियापासून सुरूच करू नका. शेंगेपासून करा.

पहिल्या तासिकेला दर चार मुलांमागे मटारच्या दोन ताज्या शेंगा द्या. सोलायची घाई करू देऊ नका. आधी बाहेरून बघायचं. देठाकडच्या टोकाला हिरवी, पाच टोकांची बारकी टोपी दिसते. ती फुलाची निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी हिरवी पानं. दुसऱ्या टोकाला सुकलेली शेपटी असते. फुलात ज्या भागावर पराग पडला त्याच्या दांड्याचा हा उरलेला तुकडा. म्हणजे शेंग हातात असताना मुलाच्या हातात फुलाचे दोन अवशेष असतात. मग शेंग शिवणीवर उकलायची. दाणे एकाच शिवणीला बारीक देठांनी लटकलेले दिसतात, आणि उकलताना एक दाणा डाव्या फाकेला राहतो, पुढचा उजव्या, त्याच्या पुढचा परत डाव्या. शेंगेच्या टोकांशी एखाद-दोन मोहरीएवढे, न भरलेले दाणे सापडतात. एकाचं फलन झालं नसेल, दुसऱ्याला पोषण पुरलं नसेल. दाणा देठापासून तोडला की त्याच्यावर खूण राहते. अशीच खूण राजम्याच्या दाण्यावर भिंग न घेतासुद्धा दिसते. ती खूण बोटाने दाखवून विचारा, 'हा कशाला चिकटलेला होता?' पुडीतलं बी कधीकाळी कुठल्या तरी शेंगेत होतं, हे मुलं इथे स्वतः जोडतात, आणि ही एक तासिका तुमच्या तक्त्यापेक्षा जास्त काम करते.

तक्त्याबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण तो निरुपद्रवी वाटतो पण नाही. गोल चित्रात झाडाकडून फुलाकडे बाण जातो, फुलाकडून फळाकडे जातो. ज्या वयात मुलं फुलपाखराचं जीवनचक्रही शिकतात, त्या वयात दोन्ही चित्रं एकसारखी दिसतात. अळीचा कोष होतो तेव्हा अळी उरत नाही. तसंच झाडाचं फूल झालं की झाड उरत नसेल, अशी मुलांची समजूत होते. चित्रात फूल आणि झाड एकाच मापाचं काढलेलं असतं, त्याने ती आणखी पक्की होते. प्रत्यक्षात मुगाच्या एकाच रोपावर कळी, उमललेलं फूल, हिरवी शेंग आणि काळी पडलेली शेंग एकाच दिवशी असते. हे एकदा डोळ्यांनी दिसलं की बाणांचा अर्थ बदलतो. शिवाय त्या चक्राचा वेग सगळीकडे सारखा नसतो. मूग अडीच महिन्यांत सगळं उरकून सुकून जातो. गाजर पहिल्या हंगामात मूळ साठवतं आणि फुलतं दुसऱ्या हंगामात. नारळाचं झाड फळू लागलं की कित्येक वर्षं फळत राहतं. तिसरीला हे तिन्ही शिकवायची गरज नाही, पण 'फळ आलं की झाड मरतं' हा नियम मुलांनी मुगावरून काढू नये म्हणून एखाद्या मोठ्या झाडाचा उल्लेख जरूर करा.

आता सहा आठवड्यांचा प्रश्न. सहा आठवड्यांत बियापासून बी पुरं करणारं झाड हवं, असं तुम्ही धरून चालला आहात. अशी झाडं आहेत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात मोहरीच्या कुळातलं एक रोप मुद्दाम निवडून तयार केलं गेलं, ते साधारण ४० दिवसांत बी देतं. पण त्याला चोवीस तास कृत्रिम उजेड लागतो, आणि त्याला स्वतःच्या परागाने बी धरत नाही, त्यामुळे एका रोपाचा पराग दुसऱ्यावर हाताने न्यावा लागतो. एका खिडकीच्या वर्गात मी त्याच्या वाटेला जाणार नाही. त्यापेक्षा साधा मूगच घ्या आणि पेरणी टप्प्याटप्प्याने करा.

मुगाला उबदार हवेत फूल यायला पेरणीपासून ३५ ते ४० दिवस लागतात आणि शेंगा सुकायला ६० ते ७५. पाठ सुरू व्हायच्या पाच आठवडे आधी तुम्ही स्वतः दोन कुंड्या पेरा. तीन आठवडे आधी आणखी दोन. एक आठवडा आधी आणखी एक. पाठाच्या पहिल्या दिवशी मुलांसमोर कळ्या धरलेलं रोप असेल, तीन-तीन पानांचं अर्धवट वाढलेलं रोप असेल, नुकतं जमिनीबाहेर आलेलं असेल, आणि त्याच दिवशी मुलं आपलं बी पेरतील. सहा आठवडे संपतात तेव्हा तुमची पहिली कुंडी ७७ दिवसांची झालेली असते, म्हणजे तिच्यावरच्या शेंगा वाळलेल्या असतात, आणि मुलांच्या स्वतःच्या रोपांना फुलं लागलेली असतात. कुठलाही टप्पा गाठायला थांबावं लागत नाही. पहिली कुंडी दगावली तरी दुसरी असते, म्हणूनच प्रत्येक पेरणीच्या दोन कुंड्या सांगितल्या. शेवटची एकच पुरते, कारण ती वाया गेली तर आठवड्यात दुसरी तयार होते.

कुंडीची खोली २० सेंटिमीटर तरी हवी. पाचेक लिटरची जुनी बादली चालेल. बुडाला करंगळीएवढी चार-पाच भोकं पाडायची, त्यांवर फुटक्या मडक्याचे तुकडे नाहीतर खडे ठेवायचे. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत, एक भाग जाडसर वाळू. नुसतं खत भरू नका. नत्र फार झालं की रोप पानांनी भरतं आणि फुलं कमी येतात. बी दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरायचं, सहा बिया, आणि दहाव्या दिवशी जोमदार तीन ठेवून बाकीची कात्रीने बुडाशी कापायची. उपटायची नाहीत, नाहीतर शेजारच्याची मुळं हलतात. पाण्याचा नियम मुलांनाही पाळता येईल असा आहे: बोटाचं पहिलं पेर मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर उद्या. ३८ मुलं कौतुकाने रोज पाणी घालतात तिथे रोपं तहानेने मरत नाहीत, बुडाशी काळी पडून कोलमडतात. पाणी घालायचा मान आठवड्याला एकाच गटाकडे ठेवा.

उजेडाच्या बाबतीत तडजोड नको. तुमची रोपं लांबुळकी झाली ती खिडकीमुळे. दोन तास उन्हात मूग फुलणार नाही, त्याला पाच-सहा तास थेट ऊन लागतं. कुंड्या वर्गाबाहेर, पायरीवर, गच्चीत, कुठेही ठेवा आणि निरीक्षणाच्या तासिकेला मुलांना तिथे न्या. बाहेर जागा नसेलच तर पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या शेंड्यांपासून १०-१५ सेंटिमीटरवर टांगून रोज १२ तास लावा, आणि रोप वाढेल तशी वर सरकवा. १२ पेक्षा जास्त तास दिले तर मुगाच्या काही वाणांत फुलं उलट लांबतात. आणि मूग थंडीत अडून बसतो. १५ अंशांच्या खाली तापमान उतरत असेल तर मटार पेरा. त्याला थंडी मानवते, वेळ साधारण तेवढाच लागतो, फक्त चढायला काटक्या लागतात. मूग आणि मटार दोघांनाही मधमाश्यांवाचून शेंगा धरतात, कारण परागीभवन कळीतच उरकतं. वर्गाच्या दृष्टीने हा मोठा फायदा.

बाहेरच्या मुगावर दोन संकटं ठरलेली. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर काळसर मावा बसतो. पाण्याच्या फवाऱ्याने दोन-तीन दिवस लागोपाठ धुवा, मुलं हाताळतात तिथे औषध मारायचं नाही. पानांवर पिवळ्या-हिरव्या रंगाचे ठिपके नकाशासारखे पसरले तर तो पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू आहे, त्याला उपाय नाही. ते रोप काढून टाका, नाहीतर बाकीच्यांना होतं. फुलं येऊन गळत असतील तर आधी पाणी तपासा. फुलोऱ्यात एक-दोन दिवस माती पूर्ण सुकली तरी कळ्या गळतात. कडक उन्हाळ्यातही तसंच होतं.

आता तुमच्या पेल्यांकडे येऊ, कारण अंकुरण तुम्ही करावंच. राजमा कुजला याची बहुधा दोन कारणं. किराणातला राजमा पुष्कळदा जुना असतो; रुजण्याची ताकद गेलेली असते पण दिसायला टवटवीत. आणि चिंब कापसात दाण्याभोवती हवा उरत नाही. रुजणारं बी श्वास घेतं, पाण्यात बुडालं की गुदमरतं, मग कुजतं. राजम्याऐवजी चवळी घ्या. दाणा मोठा, सहा तास भिजवला की पुरे, आणि रुजायला खात्रीचा. पाठाच्या आठवडाभर आधी २० दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून तपासा. तीन-चार दिवसांत १६ किंवा जास्त दाण्यांना मोड आले तर बी चांगलं. यातच एक गणितही आहे: १०० पैकी ८५ रुजणारं बी उत्तम म्हणायचं, पण ३८ मुलांना एकेक दाणा दिला तर पाच-सहा मुलांच्या हाती काहीच लागणार नाही, आणि ती तुमच्यासमोर रडतील. एक मूल, एक पेला, एक बी ही मांडणीच रडवणारी आहे. चार मुलांत एक पेला, त्यात चार-पाच बिया असं करा.

कापूस मात्र सोडा. मुळं त्यात गुंततात आणि रोप हलवताना तुटतात. काचेचा किंवा पारदर्शक प्लास्टिकचा पेला घ्या. टिपकागदाची तीन-चार पदरी पट्टी आतल्या भिंतीला लावा, मधल्या पोकळीत चुरगाळलेला कागद कोंबा म्हणजे पट्टी भिंतीला चिकटून राहील. बिया काच आणि कागद यांच्यामध्ये, पेल्याच्या वरच्या निम्म्यात सरकवा. तळाशी फक्त एक-दीड सेंटिमीटर पाणी. कागद ते वर ओढून घेतो, बी पाण्याला टेकत नाही. बिया मुद्दाम वेगवेगळ्या ठेवा: एकीची खूण वर, एकीची खाली, एक आडवी. मूळ सगळ्यांचं खालीच वळतं. दोन दिवस झाल्यावर पेला आडवा करून ठेवला तर मुळाचं टोक दुसऱ्या दिवसापर्यंत पुन्हा खाली वळलेलं दिसतं, आणि हे बघायला मुलं मधल्या सुट्टीतही थांबतात.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी 'बाई, बुरशी आली' अशी हाकाटी होते. आधी भिंग घ्या. मुळाच्या टोकापासून किंचित मागे, मुळाभोवती सगळीकडून सारखी, मखमलीसारखी पांढरी लव असेल तर ती मूळकेसांची. रोप पाणी त्यांतूनच शोषतं. बुरशी सालीवर आणि कागदावर कुठेही वेडीवाकडी पसरते, राखाडी पडते, तिला वास येतो. शाळांमधून बिचारी निरोगी रोपं बुरशीच्या संशयावरून कचऱ्यात जातात. तुमच्याही पेल्यांत तसं काही झालं असणं शक्य आहे.

मुगाचं पुढचं वेळापत्रक साधारण असं. पाचव्या दिवशी आकड्यासारखी वाकलेली मान सरळ होते आणि दोन जाड बीजपत्रं, म्हणजे दाण्याच्या दोन फाका, उघडतात. मग साध्या पानांची एक जोडी येते. त्यानंतरचं प्रत्येक पान तीन पर्णिकांचं, म्हणजे एका देठावर तीन छोट्या पानांचं. मुलांना आठवडाभर रोजच्या रोज चित्र काढायला लावलं तर हा बदल त्यांचा त्यांना सापडतो. 'दोन हिरवी पानं' असं छापील रोप मग कोणी काढत नाही. आठव्या-दहाव्या दिवशी बीजपत्रं सुरकुतून गळतात. तोवर रोप त्यांच्यातल्या साठ्यावर जगत होतं. कापसात क्षार नाहीत, उजेड अपुरा, साठा संपला. तुमची रोपं दोन आठवड्यांत पडली ती एवढ्यामुळे. सातव्या दिवशी कापसासकट कुंडीत लावली असती तर वाचली असती.

इथेच एक गैरसमज काढता येतो. माती म्हणजे झाडाचं जेवण असं मुलं (आणि पुष्कळ मोठी माणसं) मानतात. सतराव्या शतकातला शास्त्रज्ञ यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट याने सुमारे ९० किलो कोरड्या मातीत विलो या झाडाचं सव्वादोन किलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड ७७ किलोच्या आसपास भरलं. माती पुन्हा सुकवून तोलली तेव्हा ६० ग्रॅमही कमी झाली नव्हती. १६४८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, हे छापून आलं. सगळं वजन पाण्याचं, असा त्याने काढलेला निष्कर्ष चुकला, हवेचा वाटा त्याला कळला नव्हता. तिसरीला एवढंच पुरे: झाड आपलं अन्न पानांत, उजेडात करतं, मातीतून पाणी आणि थोडे क्षार घेतं.

रुजायला काय लागतं हे तपासायचं असेल तर पाच पेले करा. एक नेहमीचा. एक कोरडा. एक फ्रिजमध्ये. एक काळ्या डब्याखाली. पाचव्यात उकळून गार केलेलं पाणी दहा सेंटिमीटर भरा, बिया तळाशी आणि वर तेलाचा पातळ थर, म्हणजे बियांना हवा मिळत नाही. त्या फुगतात, एखादीचा मोड डोकावतो, पण पुढे काही होत नाही आणि तीन-चार दिवसांत वास सुटतो. निकाल येण्याआधी प्रत्येक गटाने आपला अंदाज लिहून ठेवायचा, नाहीतर नंतर सगळ्यांनाच सगळं आधी ठाऊक असतं. काळ्या डब्याखालच्या पेल्याशी मात्र जपून. बी अंधारातही रुजतं, आणि ते रोप उजेडातल्यापेक्षा उंच होतं. फक्त उंची मोजायला सांगितली असेल तर मुलं 'अंधारात झाड चांगलं वाढतं' असं लिहून मोकळी होतात, आणि त्यांच्या आकड्यांप्रमाणे ते बरोबरच असतं. पानाचा रंग, पानाची रुंदी आणि देठाची जाडीही नोंदवायला लावा, आणि तो पेला १२ दिवस ठेवा.

फुलाच्या तासिकेला जास्वंद आणायची सवय आहे. फूल मोठं, भाग स्पष्ट, म्हणून सोपं. पण बागेतल्या जास्वंदीला फळ क्वचितच धरतं, त्यामुळे फूल कशासाठी असतं हा मुद्दा तिथेच अडतो. त्याच कुळातली भेंडी घ्या. पाकळ्या काढल्या, पुंकेसरांची नळी अलगद सोलली की तळाशी नखाएवढी लवदार भेंडी बसलेली दिसते. ती आडवी कापून भिंगाखाली धरा. आत पाच कप्पे आणि पांढरे ठिपके, म्हणजे बीजांडं; त्यांच्याच पुढे बिया होतात. शेजारी पूर्ण वाढलेली भेंडी कापून ठेवा: तेच पाच कप्पे. भेंडीचं फूल एकच दिवस टिकतं, त्यामुळे सकाळची तासिका हवी. परागीभवन दाखवायला काकडी किंवा भोपळ्याचा वेल असेल तर फार बरं. मादी फुलाच्या मागे इवलं फळ आधीच असतं. सकाळी नर फूल तोडून त्याचा पराग एका मादी फुलाला लावा, आणि दुसरं मादी फूल उमलायच्या आदल्या संध्याकाळीच जाळीदार पिशवीत बांधून ठेवा. चार-पाच दिवसांत पहिलं फुगतं, दुसरं पिवळं पडून गळतं.

व्हिडिओला माझा विरोध नाही, त्याच्या जागेला आहे. महिन्याचं काम तीस सेकंदांत उरकलेलं आधी पाहिलं की कुंडीतलं रोप मुलांना आळशी वाटतं. चौथ्या आठवड्यात दाखवा, त्यांच्या वहीत तारखा जमल्यावर. मग विचारा, 'हा तुकडा आपल्या कितव्या दिवसाचा?' जमिनीखालची मुळं, रात्रीची हालचाल, फूल उमलणं यासाठी तो खरंच उपयोगी आहे.

मेलेल्या रोपांचं. सांत्वन करू नका, तपास करा. कुठून काळं पडलं, देठ मऊ होता की सुकलेला, मुळं पांढरी होती की तपकिरी, पाणी किती होतं. मुलांना कारण सापडलं की रडू थांबतं. न रुजलेलं बी मेलेलं होतं की झोपलेलं, हाही प्रश्न घ्या. दहा मूग दहा मिनिटं उकळा, दहा तसेच ठेवा, दोन्ही सारख्याच ओल्या फडक्यात बांधा. दोन दिवसांत उत्तर मिळतं, आणि कोरडं बी निर्जीव असतं ही समजूत जाते. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम जेम्स बील यांनी १८७९ मध्ये तणांच्या बिया वाळूसकट २० बाटल्यांत भरून पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढून पेरतात. २०२१ मध्ये काढलेल्या बाटलीतल्या काही बिया १४२ वर्षांनी रुजल्या. शेवटची बाटली २१०० मध्ये निघायची आहे. तेव्हा आपण किती वर्षांचे असू, याचा हिशेब मुलं लगेच मांडतात. मांडू द्या.

बिया हाताळायच्या तर दोन बंधनं. शेतीसाठी विकतात ते रंगीत बियाणं औषध लावलेलं असतं, ते वर्गात नको. आणि मुलांना 'घरून बिया आणा' म्हटलं की कोणीतरी गुंजा आणतोच. लाल-काळ्या, सुंदर आणि अतिशय विषारी. एरंडाचं बीही तसंच. कच्चा राजमासुद्धा चावून बघायचा नाही.

चाचणीत बाणांचं चित्र देऊ नका. प्रत्येक गटाला मुगाची एक वाळकी, न उघडलेली शेंग द्या आणि दोन प्रश्न विचारा: महिन्यापूर्वी या जागी काय होतं? आत किती दाणे असतील, आणि सगळे पेरले तर पुढच्या शेंगांपर्यंत किती टिकतील? एका शेंगेत आठ-दहा दाणे, कुंडीतल्या रोपावर दहाएक शेंगा, म्हणजे एका दाण्याचे शंभर. जग मुगाने का भरलं नाही, यावर तिसरीची मुलं पक्षी, किडे, पाऊस, आपण खातो, अशी चांगली उत्तरं देतात, आणि तक्त्यावर नसलेला भाग त्यांच्या तोंडून येतो. शेंगा काळ्या पडल्या की सकाळीच तोडा; ऊन चढलं की त्या पिळवटून तडकतात आणि दाणे उडतात. ते दाणे आठवडाभर सावलीत वाळवून त्याच टिपकागदाच्या पेल्यात लावा. ताज्या मुगातले काही दाणे खड्यासारखे राहतात, पाणीच शोषत नाहीत. त्यांना पॉलिश पेपरवर एकदा हलकेच घासा.

पाठ चालू असताना शाळेला लागणाऱ्या सुट्ट्यांची काळजी अनेक वाचकांना असते. चार दिवसांपर्यंत कुंड्या भरपूर पाणी देऊन सावलीत ठेवल्या तरी भागतं. त्याहून जास्त असेल तर पाण्याने भरलेली बादली कुंडीपेक्षा उंचावर ठेवा, सुती दोरीचं एक टोक तिच्या तळापर्यंत सोडा आणि दुसरं कुंडीत पाच सेंटिमीटर खोल पुरा. दोरी आधी भिजवून घ्या, कोरडी राहिली तर पाणी ओढायला सुरुवातच करत नाही. सुट्टीच्या दोन दिवस आधी लावून बघा: माती चिखल होत असेल तर दोरी बारीक घ्या, कोरडी राहत असेल तर दोन लावा.